आधी दात की आधी दम?

प्रश्न : माळेगावच्या जत्रेत घोडेबाजारात आमची पैज लागली. शर्यतीचे घोडे तयार करणारा जगात सगळ्यात भारी ट्रेनर कोण? – एक वाचक, लोहा

उत्तर : आयर्लंडच्या एडन ओब्रायनने २०१७ मध्ये अव्वल दर्जाच्या २८ शर्यती जिंकल्या, अमेरिकेच्या बॉबी फ्रँकेलचा २५ चा विक्रम मोडला. पण भाऊ, त्याच्या बॅलीडॉयलसारखा तबेला अन् तसल्या रक्ताची शिंगरं कुणाच्या नशिबी असतात? माझं मत ऑस्ट्रेलियाच्या बार्ट कमिंग्जला. १९६५ ते २००८ दरम्यान त्याने मेलबर्न कप १२ वेळा जिंकला. अंतर ३२०० मीटर, त्यात सरस घोड्यावर जास्त वजन लादतात. तिथं दमच लागतो. आमचे आजोबाही जत्रेत घोड्याचे दात नंतर बघायचे, आधी त्याला पळवून श्वास मोजायचे.