इलेक्ट्रिक स्टिअरिंग आणि हायड्रोबूस्ट एकत्र बसवण्याआधी पंपाचा विचार करा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : 1969 ची शेव्हेल मॅलिबू गाडी, 350 घनइंची इंजिन, त्यात जोरकस कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा). पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून झाले आहेत, पण अशा कॅममुळे आयडलिंगला ब्रेकला मदत करणारा इंजिनाचा व्हॅक्यूम जेमतेम 10 इंच (पाऱ्याचे) मिळतो आणि पेडल दगडासारखे लागते. म्हणून ब्रेकसाठी हायड्रोबूस्ट (व्हॅक्यूमऐवजी तेलाच्या दाबाने पेडलला जोर देणारा बूस्टर), आणि पंप व नळ्यांची गळती नको म्हणून स्टिअरिंग इलेक्ट्रिक, अशी दोन्ही कामे एकदमच उरकावीत का?

ही दोन्ही कामे स्वतंत्रपणे चांगली असली, तरी तुमची अडचण पंपापाशी आहे. हायड्रोबूस्टला लागणारा दाब पॉवर स्टिअरिंगच्या पंपातूनच येतो. स्टिअरिंग इलेक्ट्रिक केले म्हणून पंप काढलात, तर बूस्टर उपाशी राहील. बूस्टरसाठी पंप ठेवलात, तर ज्या पट्ट्याला, नळ्यांना आणि तेलाच्या डागांना आपण कंटाळला आहात ते सगळे तसेच राहील, शिवाय इलेक्ट्रिक मोटरचा खर्च वर. त्यामुळे आधी ब्रेकचा निर्णय घ्यावा, स्टिअरिंगचा त्याच्या मागून आपोआप होतो.

व्हॅक्यूमबद्दलची तुमची तक्रार मात्र रास्त आहे. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या 9 इंची बूस्टरच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे 63 चौरस इंच भरते. 18 इंच व्हॅक्यूमवर त्यातून कागदोपत्री साधारण 550 पौंडांचा जोर मिळतो. 10 इंचांवर तोच 310 च्या आसपास येतो, आणि रहदारीत लागोपाठ दोनतीनदा ब्रेक दाबल्यावर साठा संपून त्याहूनही खाली घसरतो. असा कॅम ठेवायचा असेल, तर हायड्रोबूस्ट हेच योग्य उत्तर आहे असे माझे मत आहे. पंप बंद पडला तरी हायड्रोबूस्टच्या ॲक्युम्युलेटरमध्ये (दाब साठवणाऱ्या कुपीत) दोनतीन वेळा थांबण्यापुरता दाब शिल्लक राहतो.

तेव्हा पंप ठेवा आणि त्याच पंपावर जलद गुणोत्तराचा (चक्र कमी फिरवून चाके वळवणारा) पॉवर स्टिअरिंग बॉक्स चालवा. त्या काळच्या साध्या, पॉवर नसलेल्या बॉक्सचे गुणोत्तर 24:1 असे, म्हणजे गाडी वळवताना हात चक्रावर फिरतच राहत. पुढे निघालेल्या 12.7:1 च्या पॉवर बॉक्सने गाडीचा स्वभावच बदलतो. इलेक्ट्रिक स्टिअरिंग उत्तम शोभते ते साधे (बूस्टर नसलेले) किंवा व्हॅक्यूमचे ब्रेक पुरेसे असणाऱ्या गाडीत. तिथेही दोन गोष्टी विसरल्या जातात. स्टिअरिंगच्या कॉलमवरची (चक्राखालच्या दांड्यावरची) मोटर चाके जागेवर वळवताना काही क्षण 40 अँपिअर किंवा अधिक प्रवाह ओढते, आणि मूळचा 37 अँपिअरचा अल्टरनेटर त्यापुढे नांगी टाकतो. शिवाय मोटरचा सगळा जोर तिच्या खालच्या शाफ्टमधून आणि कापडी-रबरी जोडातून बॉक्सपर्यंत जातो. पन्नास वर्षांचा तो जोड त्याच दिवशी बदलावा.

हायड्रोबूस्ट बसवताना माझ्या 1967 च्या कॅमॅरोत मी केलेली चूक सांगतो. बूस्टरची आणि स्टिअरिंग बॉक्सची परतीची नळी मी एका टी-जोडाने एकत्र करून पंपाच्या टाकीला जोडली. जागा वाचली म्हणून खूशही झालो. पण चक्र पूर्ण वळवले की परतीच्या नळीतला दाब उलटा बूस्टरमध्ये शिरे आणि ब्रेक हलकेच लागून राहत. वीसेक मैल चालवून घरी आलो, तर पुढच्या डिस्कवर निळसर झाक चढलेली आणि चाकाजवळ करपट वास. त्यानंतर परतीसाठी दोन स्वतंत्र तोंडे असलेली टाकी लावली आणि तक्रार संपली.

शेव्हेलच्या ब्रेक पेडलला दोन भोके असतात. वरचे, म्हणजे पेडल ज्यावर झुलते त्या खिळीजवळचे, साध्या ब्रेकसाठी असते आणि खालचे बूस्टरसाठी. बूस्टरची दांडी वरच्या भोकात राहिली, तर जरासा पाय ठेवताच गाडी गचका देते. बूस्टरमध्ये स्टिअरिंगचे तेल आणि मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइल, यांची गल्लत झाली की रबरी सीलच खराब होतात, म्हणून नरसाळीसुद्धा वेगळी ठेवावी.

हवा काढताना पुढची चाके उचला, इग्निशन तोडून इंजिन फक्त स्टार्टरवर थोडे थोडे फिरवा, मग इंजिन चालू करून चक्र दोन्ही टोकांपर्यंत वळवत पेडल दाबा. तेलाला फेस आला, तर तासभर हात लावू नका. कोणतीही नळी सोडवण्याआधी इंजिन बंद ठेवून पेडल जड होईपर्यंत दाबा, नाहीतर ॲक्युम्युलेटरमधला दाब अंगावर येतो. शेवटची चाचणी अंगणातच करावी : इंजिन बंद असताना पेडल पाचसहा वेळा दाबून धरून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल आधी किंचित खाली जाते आणि मग तळपायाला वर रेटते. ते रेटणे जाणवेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.