इंग्रजीत ‘क्वाइट’ म्हणजे ‘बऱ्यापैकी’ की ‘अगदी’?

दोन्ही. अर्थ ठरतो तो पुढच्या विशेषणावरून.

जो गुण कमी-जास्त होऊ शकतो (गुड, कोल्ड, टायर्ड), त्याच्या आधी ब्रिटिश इंग्रजीत ‘क्वाइट’चा अर्थ बहुधा ‘बऱ्यापैकी’ होतो. ‘इट्स क्वाइट कोल्ड’ म्हणजे बऱ्यापैकी थंडी आहे. पण ज्यात कमी-जास्त नसतंच (राइट, इम्पॉसिबल, सर्टन), तिथे तोच शब्द ‘अगदी, पूर्णपणे’ होतो. ‘यू आर क्वाइट राइट’ म्हणजे तुमचं अगदी बरोबर आहे. खरं तर ‘पूर्णपणे’ हाच जुना अर्थ, सौम्य अर्थ नंतरचा. नकारातही जुनाच टिकून आहे: ‘आय ॲम नॉट क्वाइट रेडी’ म्हणजे माझी तयारी अजून पुरती झालेली नाही.

खरी गडबड अमेरिकन वापरामुळे होते. तिकडे ‘क्वाइट गुड’ हे ‘व्हेरी गुड’च्या जवळ जातं. ब्रिटिश माणसाला मात्र तेच ‘ठीक आहे, वाईट नाही’ असं ऐकू येऊ शकतं. म्हणून लंडनच्या सहकाऱ्याचं मनापासून कौतुक करायचं असेल, तर सरळ ‘व्हेरी गुड’ लिहा. आपल्याकडे शाळेत हा फरक सहसा कुणी सांगत नाही, आणि तो सांगायलाच हवा.

‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे मात्र ‘बरेच’. ‘फ्यू’ बघून ‘थोडे’ समजू नका.

जागाही लक्षात ठेवा: ‘अ व्हेरी गुड बुक’, पण ‘क्वाइट अ गुड बुक’. आणि स्पेलिंगच्या शेवटी टी-ई हवं. ई-टी लिहिलंत तर तो ‘शांत’ अर्थाचा ‘क्वायट’ होतो.