विरघळतं की खाली बसतं?

हे बघ, रबाळ्याच्या लॅबमध्ये नवा आहेस म्हणून सांगतो. नायट्रेट आणि सोडियम-पोटॅशियमचे नेहमीचे क्षार विरघळतातच, त्यात डोकं शिणवू नकोस. खरी गंमत क्लोराइडची. सिल्व्हर क्लोराइड लिटरभर पाण्यात जेमतेम 2 मिलिग्रॅम विरघळतं. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतंच, म्हणून सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण त्यात करायचं नाही, डिस्टिल्डच घ्यायचं. मी पहिल्याच आठवड्यात घोळ घातला; बाटली ताकाच्या निवळीसारखी झाली, महागडं रसायन वाया आणि वर बोलणी! लेड क्लोराइड मात्र लबाड. गार पाण्यात तळाशी बसतं, उकळत्या पाण्यात विरघळतं, निवताना सुयांसारखे स्फटिक चमकायला लागतात. एकदा करून बघच. शिसं आहे, हातमोजे घाल. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नकोस.