इन्सुलिनच्या वापरलेल्या सुया घंटागाडीत टाकाव्यात का?

आईला रोज इन्सुलिन द्यावे लागते, तर सुया कोठे टाकाव्यात, असे आपण नाशिकहून विचारले आहे. कचऱ्याच्या पिशवीत त्या सुट्या कधीही टाकू नयेत. घंटागाडीवरचा कर्मचारी ती पिशवी हाताने दाबून उचलतो, सुई पातळ हातमोज्यातून सहज आरपार जाते आणि त्या एका टोचणीतून हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. इंजेक्शन होताच सुई जाड प्लास्टिकच्या, फिरकीचे झाकण असलेल्या बाटलीत टाकावी (द्रव साबणाची रिकामी बाटली चालते), बाटली पाऊण भरली की झाकणावर चिकटपट्टी गुंडाळावी आणि ‘वापरलेल्या सुया’ असे ठळक अक्षरांत लिहावे.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार रुग्णालयांना सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत वेगळा ठेवावा लागतो. म्हणून आईचे उपचार जेथे चालू आहेत, तेथे ही बाटली स्वीकारतील का, हे आधी विचारावे. नकार मिळाल्यास ती घरगुती घातक कचरा म्हणून, आत काय आहे ते सांगून, घंटागाडीवर वेगळी द्यावी.