‘रन’ आला की ‘धावणे’?

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. इंग्रजी उताऱ्यात ‘रन’ दिसला की ‘धावणे’ लिहून मोकळा होतो आणि वाक्य हमखास चुकतं. शब्दकोशात तर या शब्दाची नोंद संपता संपत नाही. सगळे अर्थ पाठ करून घ्यावेत का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : पाठांतराच्या वाटेला जाऊच नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या संपादकांनी ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले आहेत. १९२८ मध्ये पुरी झालेल्या पहिल्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती, पुढे यंत्रं आणि संगणक आले आणि ‘रन’ फोफावला.

मुलाला आधी आपलं ‘चालणे’ आठवायला सांगा. दुकान चालतं, घड्याळ चालतं, नाटक चालतं. इंग्रजीत अशा ठिकाणी बहुधा ‘रन’च असतो. ‘शी रन्झ अ मेस इन सदाशिव पेठ’ म्हणजे ती मेस चालवते. तेव्हा पहिला अंदाज ‘चालणे-चालवणे’ हा करावा.

तो बसला नाही तर कर्ता पाहावा. नळ किंवा नाक असेल तर वाहणे. ‘द रोड रन्झ अलाँग द रिव्हर’ : रस्ता नदीच्या कडेने जातो. ‘द कलर रॅन’ : लाल कुर्त्याचा रंग बादलीतल्या बाकीच्या कपड्यांना लागला. ‘ही इज रनिंग अ टेंपरेचर’ला मुलं ‘तापमान चालवतोय’ लिहितात. त्याला ताप आलाय, एवढंच. निवडणुकीला उभं राहणं अमेरिकेत ‘रन फॉर’, ब्रिटनमध्ये ‘स्टँड फॉर’.

खरी मेख ‘रन’ला चिकटून येणाऱ्या शब्दात असते. ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’ : घरातलं दूध संपलं. ‘आउट’ सुटा धरला की अर्थाचा अनर्थ होतो. ‘रन इनटू’चं तर तीन तऱ्हांनी बघावं लागतं. पुढे मित्र असेल तर अचानक गाठ पडली, भिंत असेल तर आदळला, रक्कम असेल तर खर्च लाखांच्या घरात गेला. ‘रन ओव्हर’ माणसाच्या बाबतीत गाडीखाली सापडणं. सभेच्या बाबतीत मात्र ठरलेल्या वेळेपेक्षा लांबणं.

नाम म्हणून तो क्रिकेटमुळे ओळखीचा आहेच, आणि तिथेही चौकार गेला की न पळता चार ‘रन’ मिळतात! ‘अ रन ऑन द बँक’ म्हणजे ठेवी काढायला उडालेली झुंबड.

वहीत नुसता ‘रन = अमुक’ लिहू देऊ नका. इंग्रजी वाक्य पूर्ण उतरवायचं, कर्त्याखाली एक रेघ, ‘रन’ आणि त्याला चिकटलेल्या शब्दाखाली दुसरी, शेजारी मराठी वाक्य. रोज पाच वाक्यं पुरेत. पण ती त्याच्याच पाठ्यपुस्तकातली किंवा वर्तमानपत्रातली हवीत.

प्रश्न : ‘आय हॅव रॅन’ बरोबर की ‘आय हॅव रन’?
– एक विद्यार्थिनी, हडपसर

उत्तर : ‘आय हॅव रन’. रूपं ‘रन-रॅन-रन’ अशी आहेत. ‘रॅन’ एकटाच येतो : ‘आय रॅन’. हॅव, हॅज, हॅड यांच्यानंतर तिसरं रूप, म्हणजे ‘रन’. कर्मणी प्रयोगातही तेच : ‘द स्कूल इज रन बाय अ ट्रस्ट’. ‘रनिंग’ लिहिताना ‘एन’ दोनदा. परीक्षेत तिथेही गुण जातात.