आधी पैशाचा माग काढ

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू' या नाटकावरून लिहिलेला तुझा पटकथेचा खर्डा वाचला. संवाद खुसखुशीत आहेत आणि धाकट्या बहिणीचं पात्र तर फार जिवंत उतरलंय. शेवटाकडे मात्र तुझी थोरली नायिका ओळखू येईनाशी होते. इतका वेळ जिच्या तोंडाला तोंड देताना सगळ्यांची फे फे उडत होती, ती अचानक गोड हसून सगळं मान्य करते. ते तुलाही खटकलं असणार, कारण नेमकं तिथेच तुझं लिहिणं घाईचं झालंय.

शेवट दुरुस्त करायला बसू नकोस. दोष शेवटात नाही, त्याच्या खूप आधी आहे. तो कुठे आहे हे कळायला 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू' हा १९९९चा चित्रपट पुन्हा पाहा, या वेळी हातात वही घेऊन. याच नाटकावरून तो कॅरेन मॅक्कुला आणि कर्स्टन स्मिथ या दोघींनी लिहिला. शाळेचं नाव पडुआ, नायकाचं आडनाव व्हेरोना, बहिणींचं स्ट्रॅटफर्ड, अशा नाटकाच्या आणि शेक्सपिअरच्या खुणा त्यांनी पेरल्या आहेत. त्या ओळखताना मजा येते, पण त्यांच्या जोरावर चित्रपट उभा नाही. गोष्ट अमेरिकेतल्या शाळेत नेल्यामुळेही तो आजचा झाला नाही. तू ती पुण्यातल्या सोसायटीत नेलीस, नायकाला बुलेट दिलीस. तेवढ्याने आतली माणसं बदलत नाहीत. या दोघींनी मूळ नाटकातला व्यवहार बारकाईने वाचला. कोण कोणाला कशाचे पैसे देतं ते पाहिलं, आणि मग त्यातल्या एकेका रकमेची जागा बदलली.

मूळ नाटकात पैसा अगदी उघड्यावर आहे. नायक पेट्रुशिओ इटलीतल्या पडुआ शहरात येतो तोच पैसेवाली बायको मिळवायला, आणि तसं तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. फटकळ थोरल्या कॅथरिनाचा बाप बाप्टिस्टा त्याला वीस हजार क्राउन (तेव्हाची नाणी) आणि आपल्या पश्चात निम्मी जमीन कबूल करतो. थोरलीचं लग्न झाल्याशिवाय धाकट्या बियांकाचं होणार नाही, म्हणून बियांकावर डोळा असलेले उमेदवार पेट्रुशिओच्या प्रियाराधनाचा खर्च उचलायला तयार होतात. यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. शेवटी नवरे आपापल्या बायकोच्या आज्ञाधारकपणावर शंभर क्राउनची पैज लावतात. ती पेट्रुशिओ जिंकतो, आणि खूश झालेला बाप आणखी वीस हजार देऊ करतो. का, तर आपली मुलगी आता दुसरीच झाली म्हणून.

आता चित्रपटात हे पैसे कुठे गेले ते पाहा. पैसेवाला, स्वतःच्याच प्रेमात असलेला जोई हा पोरगा धाकट्या बियांकाचा रस्ता मोकळा व्हावा म्हणून नायक पॅट्रिकला थोरल्या कॅटला फिरायला नेण्याचे पैसे देतो. सौदा पन्नास डॉलरवर ठरतो आणि प्रॉमपर्यंत, म्हणजे शाळेच्या नृत्यसमारंभापर्यंत, आकडा तीनशेवर जातो. व्यवहार तोच, पण आता तो लपवावा लागतो. पडुआत जे चारचौघांत ठरत होतं, ते इथे कॅटला कळलं की सगळं संपणार. त्या लपवण्यातून उत्तरार्ध आपोआप उलगडतो, लेखिकांना वेगळा खलनायकी डाव रचावा लागत नाही. पैजही आहे, पण ती नवऱ्यांच्या पंगतीतून उचलून जोईच्या पदरात टाकली आहे. त्याने बियांकावरून मित्रांशी पैज मारलेली असते, आणि तिचा निकाल बियांका त्याला भर प्रॉममध्ये ठोसे लगावून लावते.

मला सगळ्यात भिडते ती बापाची रक्कम. कॅटला दूर सारा लॉरेन्स कॉलेजात शिकायचंय, आणि बापाला ती डोळ्यांसमोर हवी आहे. शेवटी तो तिला सांगतो की कॉलेजला चेक कधीच पाठवला. बाप्टिस्टाने मुलगी बदलली म्हणून पैसे दिले. हा बाप ती आहे तशीच आहे, आणि तशीच घराबाहेर पडणार आहे, हे कळूनही देतो. किती छोटा प्रसंग आहे तो! पण त्याच्यामागे ते वीस हजार क्राउन उभे आहेत हे लक्षात आलं की अंगावर काटा येतो. पॅट्रिकही जोईच्या पैशांतून कॅटसाठी गिटार घेतो. म्हणजे ज्या पैशाने तिला दुखावलं, तोच तिच्या गाण्याच्या कामी येतो.

'थोरलीचं झाल्याशिवाय धाकटीचं नाही' हा नाटकातल्या बापाचा नियम अमेरिकेत चालला नसता. म्हणून त्यांनी बापाला प्रसूतितज्ज्ञ केलं. शाळकरी वयात आई झालेल्या मुली तो कामावर रोज पाहतो, त्यामुळे त्याचा धाक हास्यास्पद असूनही खोटा वाटत नाही. कॅट कोणाबरोबर फिरायला जाईल तेव्हाच बियांकाने जायचं, असं तो फर्मावतो, कारण कॅट कधीच जाणार नाही अशी त्याची खात्री असते. तुला हा नियम आयता मिळालाय, आपल्याकडे अजून कितीतरी घरांत तो चालतो. म्हणूनच तू त्याच्यामागे कारण शोधलं नाहीस. तुझ्या खर्ड्यातले बाबा तो नुसता बोलून दाखवतात. त्यांना कशाची भीती आहे, ते मला कुठेच दिसलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी मुळीच उचलली नाही. नाटकात पेट्रुशिओ कॅथरिनाला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही, भर दिवसा सूर्याला चंद्र म्हणायला लावतो. चित्रपटात यातलं काही नाही, आणि बदलायची वेळ पॅट्रिकवर येते. तो सिगारेट सोडतो, कॅटला आवडणारं संगीत ऐकायला जातो, शाळेच्या मैदानावर बँड लावून तिच्यासाठी गाताना स्वतःचं हसं करून घेतो. तू उपाशी ठेवण्याऐवजी तिचा फोन काढून घ्यायचा प्रसंग घातलास. रूप बदललं, क्रौर्य तसंच राहिलं. तो प्रसंग काढून टाक.

चित्रपटातली एक गोष्ट मला पटलेली नाही, तीही सांगते. कॅट इतकी फटकळ का, याचं उत्तर म्हणून आई सोडून गेल्यानंतर जोईबरोबर काय घडलं ते ती बियांकाला सांगते. प्रसंग चांगला केलाय, पण फटकळ मुलीला आधी जखम झालेलीच असली पाहिजे असं का? काहींना लहानपणापासूनच खोटं सहन होत नाही. तुझ्या नायिकेच्या रागामागे तू असली काही जखम ठेवलेली नाहीस. ते तसंच ठेव.

आता शेवटचं भाषण. कॅथरिनाचं ४४ ओळींचं स्वगतासारखं लांब भाषण, नवऱ्याच्या पायाखाली हात ठेवायची तयारी दाखवणारं. शेक्सपिअरच्या काळी ते स्त्रीभूमिका करणारा मुलगाच म्हणत असे. आपल्याकडे वा. बा. केळकरांनी या नाटकावरून 'त्राटिका' लिहिलं, शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते गाजवलं, आणि नायक झालेल्या गणपतराव जोशींसमोर त्राटिका उभी केली ती बळवंतराव जोगांनी. त्या दोन्ही वेळी ही बाई पुरुषांनी लिहिली, पुरुषांनीच वठवली. १९९९मध्ये ती दोन बायकांनी लिहिली आणि ज्युलिया स्टाइल्स या कोवळ्या वयाच्या मुलीने वर्गासमोर उभं राहून साकारली. इंग्रजीच्या मास्तरांनी शेक्सपिअरच्याच १४१व्या सुनीताची, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेची, आपापली आवृत्ती लिहायला सांगितलेली असते. त्या सुनीतात डोळ्यांना दोष दिसत असूनही मन प्रेम करत राहतं. कॅटची कविता पॅट्रिकच्या एकेका गोष्टीचा तिरस्कार मोजत जाते, आणि शेवटी तिरस्कारच जमत नाही हे तिला भर वर्गात रडत कबूल करावं लागतं. भाषणाची जागा तीच, बोलणारी तीच, समोर माणसं तशीच जमलेली. पण ती कोणाच्या हुकमावरून बोलत नाही, आणि तिच्या बोलण्यावर कोणी पैसे जिंकत नाही.

म्हणून नवा खर्डा लिहू नकोस. एका कागदावर डावीकडे नाटकातली प्रत्येक देवघेव मांड: हुंडा, प्रियाराधनाचा खर्च, पैज, वाढीव हुंडा. उजवीकडे तुझ्या गोष्टीत ती कुठे गेली ते लिही. पैसे कोणाच्या नावावर जातात, यूपीआयने की रोख, कोणापासून लपवले, हेसुद्धा. तुझा नायक फ्लॅटच्या हप्त्यांनी बेजार आहे असं तू चौथ्या पानावर सांगून टाकलंस आणि पुढे विसरलीस. माझ्या मते तुझा धागा तिथेच आहे. तो कागद आधी पाठव, पटकथेची घाई नाही.

तुझी,
मावशी