सात वर्षं असिस्टंट कोच, हेड कोचची जागा दोनदा दुसऱ्यालाच: वंशभेदाची तक्रार टिकते का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचे मिस्टर टेक्ससमधल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये गणित शिकवतात आणि सात वर्षं टेनिसचे असिस्टंट कोच आहेत. हेड कोचची जागा तीन वर्षांपूर्वी निघाली होती, या मेमध्ये पुन्हा निघाली. दोन्ही वेळा बाहेरचा, कमी अनुभवाचा, गोरा माणूस घेतला. 28 मेला नकाराची ईमेल आली. नंतर प्रिन्सिपल तोंडी म्हणाले की पालकांशी कनेक्ट होणारा, प्रोग्रॅममध्ये फिट बसणारा कोच हवा होता. तुम्ही डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेकडे, ग्रीव्हन्स म्हणजे अंतर्गत तक्रार दिली आहे आणि आता ऑक्टोबर उजाडला तरी सुनावणीची वाट बघताय.

आधी घाईचं सांगते. ग्रीव्हन्स चालू आहे म्हणून बाहेरची मुदत थांबत नाही. सुप्रीम कोर्टाने हे 1976 मध्येच सांगून ठेवलंय, तरीही दरवर्षी माणसं यातच फसतात. नोकरीतल्या भेदभावाचा मुख्य कायदा म्हणजे 1964 च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण, ज्याला सगळे टायटल सेव्हन म्हणतात. त्याखाली कोर्टात जायचं तर आधी ईईओसी या फेडरल आयोगाकडे 'चार्ज', म्हणजे रीतसर तक्रार, दाखल करावा लागतो. टेक्ससमध्ये त्यासाठी 300 दिवस मिळतात. राज्याच्या कायद्याखालचा हक्क मात्र 180 दिवसांतच संपतो. दिवस मोजायचे ते निर्णय कळला त्या दिवसापासून, ग्रीव्हन्स किंवा तिच्या अपिलाचा निकाल लागला त्या दिवसापासून नव्हे. 28 मेपासून 180 दिवस 24 नोव्हेंबरला भरतात आणि 300 दिवस मार्चच्या चौथ्या आठवड्यात. तुम्ही 24 नोव्हेंबर हीच तारीख धरून चाला. आणि ईईओसीच्या पोर्टलवर चौकशी नोंदवली म्हणजे चार्ज दाखल झाला, असं समजू नका. मुलाखतीची वेळ मिळायला आठवडे जातात. खरं आहे असं शपथेवर सांगून सही केलेला चार्ज त्यांच्याकडे पोचला, की मगच तुम्ही मुदतीत आहात.

हे मी इतक्या कळकळीने का सांगतेय, तेही सांगते. मी वकील नाही. डॅलसजवळच्या एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या एचआर ऑफिसात मी अकरा वर्षं काम केलं आणि कोचच्या भरतीचे कागद माझ्या टेबलावरून जायचे. एका वर्षी बास्केटबॉलच्या हेड कोचसाठी पाच जणांच्या कमिटीने मुलाखती घेतल्या. तिथेच नऊ वर्षं असिस्टंट असलेला एक कृष्णवर्णीय शिक्षक सर्वांत वर होता. गुणतक्ते फाइलला लावताना एका तक्त्यावर माझा हात थांबला. 'कम्युनिटी फिट' या रकान्यात पेन्सिलने लिहिलेला 4 खोडून 2 केला होता. रबराने कागद तिथे पातळ झाला होता आणि उजेडात धरल्यावर जुना आकडा दिसत होता. त्याच माणसाच्या तक्त्यावर अशी आणखी दोन खाडाखोड होती, बाकी कुणाच्या तक्त्यावर एकही नव्हती. मी वरिष्ठांना दाखवलं. ते म्हणाले, फाइल कर. मी फाइल केली आणि नकाराचं पत्रही मीच टाइप केलं. त्या शिक्षकाने रीतसर ग्रीव्हन्स दिली. एक पायरी, दुसरी पायरी, मग बोर्डासमोर सुनावणी. प्रत्येक वेळी त्याला नम्रपणे पुढची तारीख मिळत गेली. शेवटी तो वकिलाकडे गेला तेव्हा 300 दिवस उलटून गेले होते. तो तक्ता फाइलमध्ये होता आणि कुणी मागितलाच नाही. याचं ओझं माझ्या मनावरून अजून उतरलेलं नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. केस होते का? सुरू नक्की होते. 1973 च्या एका निकालापासून कोर्ट साधारण एकाच वाटेने जातं. तुम्ही दाखवायचं की मिस्टर कायद्याने संरक्षण दिलेल्या गटातले आहेत, पदाला पात्र होते, अर्ज केला होता, नाकारले गेले आणि जागा दुसऱ्या गटातल्या माणसाला मिळाली. तुमच्याकडे हे सगळं आहे. मग डिस्ट्रिक्टला कारण द्यावं लागतं आणि कारण देणं त्यांना फार सोपं असतं. खरी लढाई त्यापुढे आहे: दिलेलं कारण हा बहाणा आहे, हे दाखवण्याची.

इथे बहुतेक लोक 'आमचा माणूस जास्त लायक' यावर सगळा जोर देतात. टेक्सस ज्या पाचव्या सर्किटच्या अपील कोर्टाखाली येतं तिथे थोडा जास्त अनुभव पुरत नाही, आपला उमेदवार स्पष्टपणे वरचढ होता असं दिसावं लागतं. सात वर्षं विरुद्ध पाच वर्षं, एवढ्यावर केस उभी राहायची नाही. माझ्या पाहण्यात डिस्ट्रिक्टची बाजू ढासळते ती कारणं बदलल्यामुळे. ईमेलमध्ये एक कारण, प्रिन्सिपलच्या तोंडी दुसरं आणि ईईओसीला दिलेल्या लेखी उत्तरात तिसरं. सुप्रीम कोर्टाने 2000 मध्ये म्हटलंय की मालकाने दिलेलं कारण खोटं ठरलं तर त्यावरून ज्यूरी भेदभावाचा निष्कर्ष काढू शकते. म्हणून प्रिन्सिपलचं ते वाक्य आठवेल तसं, त्यांच्याच इंग्रजी शब्दांत, दिवस, वेळ, जागा आणि ऐकायला कोण होतं यासकट आज रात्रीच लिहून ठेवायला सांगा. शाळेच्या लॅपटॉपवर किंवा शाळेच्या ईमेलवर नको.

'फिट' या शब्दाने एकट्याने काही सिद्ध होत नाही. पण पालकांना अमुक प्रकारचा कोच हवा, हा बचावही चालत नाही. लिंग किंवा धर्माच्या बाबतीत कायद्यात 'कामाची गरजच तशी आहे' अशी एक अरुंद सूट आहे, वंशाच्या बाबतीत तीही नाही. जाहिरात काय होती, गुण कोणत्या निकषांवर दिले, निकष मुलाखतीआधी ठरले की नंतर, हे विचारा. महाराष्ट्रात आपण माहिती अधिकारात अर्ज टाकतो, तसाच टेक्ससचा पब्लिक इन्फर्मेशन ॲक्ट आहे. निवड झालेल्याचा अर्ज, जाहिरात आणि मुलाखतीचे गुणतक्ते नाव घेऊन मागा. 'सगळी कागदपत्रं' असं मोघम लिहिलंत तर उत्तर लांबतं. द्यायचं नसेल तर त्यांना साधारणपणे कामाच्या 10 दिवसांत ॲटर्नी जनरलकडे विचारणा करावी लागते. मूळ कागद बघायला मिळाले तर खाडाखोड जरूर बघा.

तीन वर्षांपूर्वीच्या नकाराचं आता वेगळं काही मागता येणार नाही. प्रत्येक नाकारलेली बढती ही स्वतंत्र घटना आणि तिची मुदत स्वतंत्र, असा 2002 चा निकाल आहे. पार्श्वभूमी म्हणून मात्र ती सांगता येते आणि सांगाच.

चार्जवर वंश, वर्ण, मूळ देश अशा चौकटी असतात. आपले लोक 'आम्ही तर इंडियन' म्हणून फक्त मूळ देशाची चौकट भरतात. वंशाचीही भरा आणि लागू असेल तर वर्णाचीही. चार्जमध्ये जे नाही त्यावर पुढे कोर्टात भांडता येत नाही. 1866 चा एक जुना नागरी हक्क कायदाही आहे. त्याखाली वंश म्हणजे केवळ काळा-गोरा नव्हे, कुळ आणि वांशिक मूळही त्यात येतं, असं 1987 मध्ये ठरलं. तो खटला इराकी मूळ असलेल्या एका प्राध्यापकाचा होता.

त्या जुन्या कायद्याला टायटल सेव्हनसारखी आयोगाची मुदत नाही, म्हणून कुणीतरी तुम्हाला सांगेल की घाई कशाला. सरकारी शाळेच्या बाबतीत ते धोक्याचं आहे आणि तो धडा आमच्या डॅलसमधलाच आहे. साउथ ओक क्लिफ हायस्कूलमध्ये नॉर्मन जेट हे गोरे गृहस्थ 1970 पासून ॲथलेटिक डायरेक्टर आणि हेड फुटबॉल कोच होते. शाळेतली मुलं तोवर बहुतेक कृष्णवर्णीय झाली होती, प्रिन्सिपलही कृष्णवर्णीय होते. 1983 च्या मार्चमध्ये प्रिन्सिपलनी जेट यांना काढण्याची शिफारस केली. त्यांची बदली कोचिंग नसलेल्या जागी झाली आणि ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा दिला. वंशभेदाच्या त्यांच्या खटल्यात ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. पण 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी म्हटलं की 1866 च्या कायद्याखाली एका प्रिन्सिपलच्या भेदभावासाठी अख्खं डिस्ट्रिक्ट आपोआप जबाबदार ठरत नाही, डिस्ट्रिक्टचं धोरण किंवा रूढ पद्धत दाखवावी लागते. टायटल सेव्हनखाली बढती नाकारल्याची जबाबदारी थेट मालकावर, म्हणजे डिस्ट्रिक्टवर येते. म्हणून ती मुदत हातची घालवायची नाही. जेट गोरे होते याने काही बिघडलं नव्हतं. कायदा सगळ्या वंशांना सारखाच आहे आणि बहुसंख्य गटातल्या माणसाला जास्त पुरावा मागता येणार नाही, हे 2025 च्या जूनमध्ये कोर्टाने एकमताने पुन्हा सांगितलं.

तरी हा प्रश्न अमेरिकेत इतका हळवा का आहे हे समजायला दक्षिणेतल्या राज्यांकडे बघावं लागतं. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा एकत्र केल्या तेव्हा बंद पडल्या त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या शाळा, आणि तिथले हेड कोच नव्या शाळेत असिस्टंट झाले. हर्मन बून नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्यमस्टनला कृष्णवर्णीयांच्या शाळेचे अतिशय यशस्वी कोच होते. शाळा एकत्र होताना त्यांना सांगण्यात आलं की गाव अजून कृष्णवर्णीय हेड कोचला तयार नाही. ते व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला गेले. 1971 मध्ये टी. सी. विल्यम्स हायस्कूलने त्यांना हेड कोच नेमलं आणि त्याच वर्षी संघ राज्याचा विजेता झाला. गावाची तयारी म्हणा, पालकांचं कनेक्शन म्हणा, मला दोन्हीत एकच सूर ऐकू येतो. शाळा एकत्र करताना कर्मचारी कमी करायचे किंवा खालच्या पदावर आणायचे तर वंश न बघता वस्तुनिष्ठ निकषांवरच, असा आदेश पाचव्या सर्किटनेच तेव्हा दिला होता. आणि पगार तोच ठेवून जबाबदारी कमी केली तरी ती पदावनती, असं त्यात स्पष्ट होतं.

आता नोकरीची भीती. तक्रार केली म्हणून सूड घेणं हा वेगळा कायदेभंग आहे, अगदी मूळ तक्रार सिद्ध झाली नाही तरी, फक्त ती प्रामाणिक समजुतीने केलेली असावी. पण तक्रार केली नसती तर हे झालंच नसतं, असं दाखवावं लागतं. तोही निकाल, 2013 चा, टेक्ससमधल्याच खटल्यातला. म्हणून तक्रारीआधीची कामगिरीची मूल्यमापनं आजच घरी आणून ठेवा. शिकवण्याच्या नोकरीला जेवढं संरक्षण आहे तेवढं कोचिंगच्या कामाला आणि त्याच्या स्टायपेंडला, म्हणजे जादा मानधनाला, सहसा नसतं. मिस्टरांचा करार एकच शिक्षक-कोच असा आहे की दोन वेगळे, हे आधी बघा. एकच असेल तर रागाच्या भरात कोचिंग सोडलं की शिकवणंही अडचणीत येतं. काही झालं तरी वकिलाला विचारल्याशिवाय राजीनामा देऊ देऊ नका.

पैशाच्या मोठ्या आशेने यात उतरू नका. मागचा पगार म्हणजे इथे दोन स्टायपेंडमधला फरक, तो फार नसतो. त्यावरची भरपाई मोठ्यात मोठ्या मालकाकडूनही 3,00,000 डॉलरपलीकडे जात नाही आणि सरकारी डिस्ट्रिक्टला दंडात्मक भरपाई लागतच नाही. त्यामुळे काही वकील अशा केस घेत नाहीत. दोघा-तिघांना विचारा आणि पहिल्या भेटीला जाताना तारखांचं एक पान घेऊन जा. पुढे खटला भरायचं परवानगीपत्र आलं की 90 दिवसांत कोर्टात जावं लागतं, तीही मुदत कुणासाठी थांबत नाही.

माझा सगळा हिशेब 28 मे धरून आहे. प्रिन्सिपल किंवा ॲथलेटिक डायरेक्टरने त्याआधीच फोनवर किंवा तोंडी नकार कळवला असेल तर दिवस तिथून मोजावे लागतील. मिस्टरांना आज एवढं एकच नीट विचारा.